न धुतलेल्या तांदळाचा भात

परवा आमच्या जेलरोडच्या कोपऱ्यावर द्राक्षांची यंदाची पहिली पिकअप उभी राहिली. मी दूध आणायला निघालो होतो, तो तिथेच थांबलो. हिरवे घड, खाली रद्दीची कात्रणं, देठांना अजून मळ्यातली धूळ. "काका, चाखून तर बघा, नुसती साखर आहे साखर," गाडीवाला म्हणाला. "असू दे," मी म्हणालो, आणि ते खेकसल्यासारखं झालं. माझा आवाजच तसा आहे. एकलहऱ्याच्या वीजकेंद्रात चौतीस वर्षं बॉयलरशेजारी काढली. तिथे शेजारच्या माणसाला वेळ विचारायची तरी ओरडावं लागायचं. पुढे निवृत्त झालो, कॉलनी सोडली, इथे फ्लॅट घेतला, पण आवाज काही खाली आला नाही. घरी आलो तेव्हा लक्षात आलं की दूध आणायचं राहूनच गेलं.

माघ संपत आला की नाशिकची हवा दोन मनांची होते. सकाळी स्वेटर लागतो आणि बारा वाजता तोच स्वेटर अंगावर खायला उठतो. गॅलरीत उभं राहिलं की एकलहऱ्याच्या चिमण्या धुरकट दिसतात. वाऱ्यावर मधूनच औषधफवारणीचा उग्र वास येतो, मधूनच कुणाच्या तरी घरातल्या कांदा परतण्याचा. पूर्वी मला हे दिवस आवडायचे. पाव्हणेरावळे यायचे, जाताना त्यांच्या हातात द्राक्षांची पेटी द्यायची, असा सगळा ऐसपैस कारभार असायचा. आता हे दिवस आले की मी जरा चुकार होतो. फोन उचलत नाही. लोकांना वाटतं, म्हातारा कुर्रेबाज झाला. वाटू दे.

तीन वर्षांपूर्वी, याच हंगामात, माझी बायको कुंदा हिला गिळता येईनासं झालं.

आधी पोळी अडकायला लागली. मग भाकरी. मग वरणात कुस्करलेली पोळीसुद्धा. मी म्हणायचो, "अगं, घाई करतेस. चावून खा." मोठा शहाणा मी! अन्ननलिकेत गाठ निघाली. डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सगळं स्पष्ट सांगितलं. शेकाचे, म्हणजे रेडिएशनचे, उपचार सुरू होतील, आधी सूज वाढेल, आणि पंधरा-वीस दिवसांत तोंडाने खाणं बंद होईल. मग पोटात नळी. "तोवर त्यांना जे मऊ आणि आवडीचं असेल ते देत चला," ते म्हणाले. आवडीचं! छत्तीस वर्षांच्या संसारात माझ्या आवडीचं काय, हे तिला झोपेतून उठवून विचारलं असतं तरी तिने सांगितलं असतं. तिच्या आवडीचं काय, हे मला ठाऊक नव्हतं. मला खरंच लाज वाटली, आणि ती अजून वाटते.

घरी आल्यावर तिलाच विचारलं. सरळ विचारता येईना, म्हणून टीव्हीकडे बघत विचारलं. तिने टीव्हीचा आवाज कमी केला. मग म्हणाली, "तो प्राजूने खायला घातलेला भात आठवतो का? गंगापूर धरणाकडे? तो एक ताटलीभर मिळाला ना, तर मग खुशाल नळी घाला."

प्राजक्ता आमची मुलगी. पहिली नोकरी लागली तेव्हा ती आम्हाला धरणाकडच्या एका वाइनरीच्या हॉटेलात घेऊन गेली होती. पुढे द्राक्षांचे मळे, मागे पाणी, टेबलावर पांढरे रुमाल. मी आपला अवघडून बसलो होतो, की हात कुठे ठेवायचे. प्राजूने आईसाठी रिसोटो मागवला, म्हणजे इटलीकडचा भात. पांढरा, लोण्याने लकाकणारा, ताटलीत संथ पसरणारा. कुंदाने एक घास घेतला आणि केवढ्याने म्हणाली, "अय्या, हा तर आपला आसट भात!" शेजारच्या टेबलावरचे लोक वळून बघायला लागले. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तिला कसलं काय! शेवटी तिने ताटली बोटाने निपटली आणि वर म्हणाली, "आसट भात खरा, पण शिकलेला." पुढे कितीतरी दिवस ती त्या भाताची आठवण काढायची. मी "हं" म्हणायचो.

तर आता तो भात मला करायचा होता. प्राजू हैदराबादला, तिला आठवा महिना लागलेला, डॉक्टरांनी प्रवास बंद केलेला. ती फोनवर रडायची आणि मी तिला रागवायचो, कारण मला दुसरं काही येत नव्हतं. शेवटी तिनेच डोळे पुसले आणि म्हणाली, "बाबा, मी व्हिडिओवर सांगते. तुम्ही करा." मी! ज्याने चहासुद्धा कधी उकळला नाही तो!

इथे मला कबूल केलं पाहिजे की स्वयंपाकघरातली एक गोष्ट मला येत होती. प्राजूच्या वेळेला कुंदा देवळ्याला माहेरी गेली, तेव्हा जाण्याआधी तिने मला भाताचा कुकर लावायला शिकवला होता. तांदूळ तीन पाण्यांनी धुवायचा. पहिलं पाणी दुधासारखं, दुसरं ताकासारखं, तिसरं स्वच्छ. स्वच्छ झालं नाही तर चौथं. ते मी इतकं मन लावून शिकलो होतो की पुढे घरात तांदूळ धुवायचं काम माझंच झालं. तेवढ्यावर मी चारचौघांत सांगायचो, की आम्ही घरात मदत करतो बरं का.

प्राजूने सांगितलं, तिकडचा तांदूळ मिळणार नाही, पण घोटीकडचा इंद्रायणी चालेल, तो चिकट असतो. आणला. गाजर, कांदा आणि कोथिंबिरीचे देठ उकळून पाणी तयार केलं. देवळ्याहून कुंदाच्या भावाने पाठवलेला कांदा बारीक चिरला, म्हणजे मी ज्याला बारीक म्हणतो तसा. लोण्यात परतला. "बाबा, आता पाणी पळीपळीने घालायचं, आणि गरमच हं," प्राजू म्हणाली. मी म्हटलं, "हे मला शिकवू नकोस. बॉयलरच्या तापलेल्या ड्रममध्ये गार पाणी सोडलं तर काय होतं, ते मला विचार." नोकरीभर हेच तर केलं होतं. काट्यावर डोळा ठेवायचा, पातळी उतरली की तेवढंच पाणी द्यायचं, आणि तेही तापवलेलं. पळी हातात घेतल्यावर मला पहिल्यांदा वाटलं, जमेल आपल्याला.

कसलं जमतंय! भात शिजला, पण पाणी वेगळं आणि दाणे वेगळे. साय धरल्यासारखा दाटपणा नाही, लकाकी नाही. कुंदा स्वयंपाकघराच्या दारात प्लॅस्टिकच्या खुर्चीवर बसली होती, गळ्याला मफलर गुंडाळून. ताटलीत डोकावली आणि तिची माहेरची बोली बाहेर आली. "हाऊ काय भात शे?" ती चिडली किंवा लाडात आली की देवळ्याची व्हायची. मी मात्र भडकलो. "चार तास उभा आहे मी इथे! खायचं तर खा, नाहीतर राहू दे!" आवाज माझा, तोही बॉयलरचा. तिने ताटली पुढ्यात ओढली. चमच्याने तो पाणचट भात थोडा थोडा करून सगळा खाल्ला. प्रत्येक घासाला थांबायची, मान जरा पुढे काढायची, मग गिळायची. ती तिने खाल्लेली शेवटची पूर्ण ताटली. मला तेव्हा कुठे माहीत होतं.

दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशी तेच, आणि तळाला लागलं ते वेगळं. प्राजूला काही कळेना. चीज घातलं का, घातलं. ढवळत होतात का, होतो. त्यावरून घरात वेगळंच भांडण. कुंदा म्हणायची, "अहो, भात कधी ढवळतात का? लगदा होतो त्याचा." मी म्हणायचो, "तुझी पोरगीच सांगतेय." शेवटी चौथ्या दिवशी प्राजू म्हणाली, "बाबा, फोन तसाच धरा. पहिल्यापासून दाखवा." मी फोन खिडकीत उभा केला आणि नेहमीप्रमाणे तांदळाचं पातेलं नळाखाली धरलं.

"बाबा! तुम्ही तांदूळ धुताय?"

"मग काय तसेच घालू?"

"अहो, तीच तर गंमत आहे त्यातली! ते पांढरं पाणीच हवं असतं. ते सगळं तुम्ही मोरीत ओतलंत!"

मी हातातलं पातेलं तसंच धरून उभा राहिलो. दुधासारखं पाणी बोटांवरून वाहत होतं. एवढे दिवस मी तिच्या तोंडचा घास रोज तीन पाण्यांनी धुऊन टाकत होतो. आणि ते दिवस काय साधे होते? डॉक्टरांनी दिलेल्या पंधरा-वीस दिवसांतले ते चार होते. रोज सकाळी तिचा घसा थोडा थोडा मिटत चालला होता आणि मी आपला स्वच्छता करत होतो. मला स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावीशी वाटली.

बरं, चूक कळली म्हणून लगेच सुटली का? नाही! कुंदाच ऐकेना. "न धुतलेला तांदूळ? शी! पोत्यातला, गोदामातला, कुणाकुणाचे हात लागलेला. मी नाही खाणार." तिच्या आईने तिला शिकवलेलं, तिने मला शिकवलेलं, ते असं एका फोनवर कसं मोडायचं? मलाही तो तसाच पातेल्यात टाकायला हात होईना. नवराबायको आम्ही दोघं तांदळाच्या डब्याकडे बघत बसलो. त्यात आणखी एक दिवस गेला.

मग तिनेच तोड काढली. "पाखडायला सूप आणा," म्हणाली. "आणि धुतलेला पंचा." गॅलरीत ऊन होतं. तिथे सतरंजी घातली, भिंतीला उशी लावली. तिने तांदूळ पाखडला, हळूहळू, दमून थांबत. मग मांडीवर ताट घेऊन निवडला. मग आम्ही दोघांनी ते तांदूळ मूठमूठ करून कोरड्या पंच्यात घेऊन अलगद पुसले. हो, पुसले! वाटीभर तांदूळ पुसायला आम्हाला दुपारचे दोन तास लागले. उन्हात तिची बोटं अगदी पिवळी दिसत होती. ती तिच्या आईबद्दल बोलत होती, कांद्याच्या खळ्यावर दुपारी सगळ्या बायका कशा जेवायला बसायच्या, कोण कोणाच्या फडक्यातलं काय पळवायचं. घसा बसलेला, म्हणून मी अगदी जवळ सरकून ऐकत होतो. इतकी वर्षं एका घरात राहिलो, पण असे दोन तास नुसते शेजारी बसल्याचं मला आठवत नाही. शिफ्ट होत्या, कबूल आहे. पण सगळा दोष शिफ्टचा नाही.

त्या दिवशी भात झाला. काय सांगू तुम्हाला, झाला! पळीमागून पळी पाणी पीत गेला, दाट होत गेला, शेवटी लोणी आणि चीज घातल्यावर असा लकाकला की मी एकटाच मोठ्याने "वा!" म्हणालो. ताटलीत घातला तर तसाच संथ पसरला. तिने पहिला चमचा घेतला. डोळे मिटले. दुसरा घेतला. तिसरा. चौथ्याला ती थांबली, मान पुढे काढली, खूप वेळ तशीच राहिली, आणि मग पदर तोंडाला लावला. "बास," म्हणाली. "झालं माझं. पण तोच आहे हो. अगदी तोच."

तीन चमचे. त्या पाणचट भाताची अख्खी ताटली तिने माझ्या रागापायी खाल्ली, आणि हा झाला तेव्हा तिच्याकडे तीनच चमचे उरले होते. लोक म्हणतात, मनाला लावून घेऊ नका. का नको घेऊ? मन आहे कशाला मग?

त्या आठवड्यातच नळी बसवली. त्यानंतर तिला पाण्याचा घोटही गिळता येत नव्हता. ओठ नुसते ओल्या कापसाने पुसायचे. दर दोन तासांनी मी पांढरं मिश्रण नळीतून सोडायचो, घड्याळ लावून, गरम नाही, गार नाही. ते काम मला छान जमलं. मला वाटलं, आता स्वयंपाकघराचा विषय संपला. मी शेजारच्या वहिनींचा डबा लावला आणि खोलीचं दार लोटून, तिला दिसू नये असा, उभ्या उभ्या जेवायला लागलो.

हे तिला आवडलं नाही. दोन दिवस बघितलं आणि तिसऱ्या दिवशी खुर्ची ओढत स्वयंपाकघरात आली. नळी कमरेला खोचलेली, जणू पदरच. "भात करा," म्हणाली. मी म्हटलं, "कुणासाठी?" तर म्हणते, "तुम्ही खा. माझ्यासमोर बसून खा. आणि मला सांगा कसा झालाय."

मी केला. समोर बसलो. एक घास खाल्ला.

"कसा झालाय?"

"चांगला आहे."

तेव्हा ती चिडली. इतक्या वर्षांत ती माझ्यावर अशी कधीच चिडली नव्हती. आवाज नव्हता तिला, नुसती कुजबुज, पण मी हादरलो. "चांगला आहे, बरा आहे, ठीक आहे! छत्तीस वर्षं हेच ऐकलं मी! रोज दोन वेळा रांधलं, आणि तुम्ही पेपरात तोंड घालून चांगला आहे! आता तरी नीट सांगा हो. मला दुसरी चव उरली नाही."

खरं होतं. तिने कधी मागितलं नव्हतं असं नाही. रोज मागितलं होतं. नवीन काही केलं की ती उभी राहायची, हात पदराला पुसत, आणि मी मीठ कमी असेल तरच तोंड उघडायचो. चांगलं असेल तर काय बोलायचं, असा आमचा हिशेब. आमच्या घरात सगळेच पुरुष तसे.

मग मी शिकलो. साठीनंतर शिकलो. आधी जमेना, शब्दच सापडत नव्हते. ती मदत करायची. "आधी काय लागतं? लोणी की कांदा?" मी डोळे मिटून जिभेवर घोळवायचो. "लोणी. मग कांद्याचा गोडसरपणा. मग दाणा. बाहेरून विरघळतो आणि आत अगदी थोडा, तांदळाच्या कणीएवढा, चावा राहतो." "मग?" "मग चीजचा खारटपणा, मागून येतो." "आणि वास?" ती ऐकताना तिचे ओठ हलायचे, जरासेच. दिवसाआड आमचं हे जेवण चालायचं. एकदा लाल भोपळा घातला, एकदा मटार. दुपारचं ऊन ओट्यापर्यंत यायचं, खालून द्राक्षवाल्याची हाळी यायची, आणि मी माणसाने पोथी वाचावी तसा सावकाश ताटली वाचून दाखवायचो. भात थंड व्हायचा. कधी कधी ती मधेच म्हणायची, "थांबा, हा घास परत सांगा."

हंगाम संपता संपता ती गेली. पिकअप गाड्या कमी झाल्या होत्या, उन्हं तापली होती. तिला दवाखान्यात हलवलं आणि तिसऱ्या दिवशी पहाटे सगळं आटोपलं. त्याआधी आठ दिवस प्राजूला मुलगा झाला. कुंदाने त्याला फोनवर बघितलं. तो आता तीन वर्षांचा होईल. प्राजू म्हणते, "बाबा, इकडे येऊन राहा. तुमच्या हातचा भात त्याला आवडेल." जाईनही. पण या महिन्यात नाही. या महिन्यात मला कुणाशी बोलायचं नसतं, आणि गंमत म्हणजे याच महिन्यात मला बोलायला कुणी नाही म्हणून मी जास्त चिडतो.

काल रविवारी मी भात केला. चांगला झाला होता, अगदी उत्तम. ताटली घेऊन बसलो आणि तोंडात घास घेतला, तर सांगायचं ते सगळं ओळीने जिभेवर आलं. लोणी, कांदा, दाणा. कुणी विचारलंच नाही. अर्धा खाल्ला आणि झाकून ठेवला.

तिला दवाखान्यात नेण्याच्या आदल्या दिवशीचं मात्र सांगायचं राहिलं. त्या दुपारीही तिने भात करायला लावला होता. ती फार थकली होती, खुर्चीत उशा लावून बसवावं लागलं. माझं सगळं लक्ष तिच्याकडे. भात झाला, वाढून घेतला, पहिला घास तोंडात घातला आणि माझ्या डोक्यात मुंग्या आल्या. मीठ! नुसतं मीठ! चीज घालण्याआधी एकदा आणि नंतर एकदा, दोनदा पडलं होतं. तिने विचारलं, "कसा झालाय?"

मी तोंड वाकडं केलं नाही. म्हटलं, "आज काय झालाय कुंदा! आज त्या हॉटेलवाल्याला बोलवायला पाहिजे." आणि मी सांगत सुटलो. लोणी सांगितलं, कांदा सांगितला, दाणा कसा जिभेवर येऊन निसटतो ते सांगितलं, जे नव्हतं तेही सांगितलं. एकेक घास गिळत, हसत, अख्खी ताटली संपवली. ती माझ्या तोंडाकडे टक लावून बघत होती. शेवटचा घास गेला तेव्हा हळूच म्हणाली, "अहो, आता पाणी प्या. दोनदा मीठ घातलंत. मी बघत होते."

"मग सांगितलं का नाहीस?"

"इतकं छान सांगत होतात. मधे कशाला बोलू."

माझा घसा जळत होता. उठलो, माठातलं पाणी भांड्यात घेतलं आणि तिथेच उभ्याने घटाघटा प्यायलो. पिता पिता माझं लक्ष गेलं. तिची नजर माझ्या गळ्यावर होती, खाली-वर होणाऱ्या गाठीवर. मी भांडं तोंडापासून काढलं.

"गार आहे?" तिने विचारलं.

भाताचं मी ताटलीभर बोलायला शिकलो होतो. पाण्याचं मला काही म्हणजे काही सांगता येईना. "हो," म्हणालो. "गार आहे."

"अजून एक भांडं प्या," ती म्हणाली. "सावकाश प्या."

मी प्यायलो.